शाळेच्या भिंतीचे अकरा रंग

लग्नाला आता चाळीस वर्षं होतील, पण आमच्या ह्यांची एक खोड काही गेली नाही. रंगवलेली वस्तू दिसली की हे तिला नखानं खरवडून बघणार. सगळी नोकरी लखनौत, मानक नगरला रेल्वेच्या संशोधन खात्यात झाली, त्यातली निम्मी वर्षं डब्यांना लावायच्या रंगाच्या चाचण्या करण्यात. रंग किती जाड बसला, किती उन्हाळे टिकेल, खालचा गंज काढलाय की त्याच्यावरच फासलाय, हे बघायचं त्यांचं काम. एकदा एका लग्नात मांडवाच्या खांबाला नख लावताना नवरीच्या मामानं ह्यांना पाहिलं, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण ह्याच खोडीनं पुढे आमचे डोळे उघडले, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आम्ही मूळचे अकोल्याचे. रिटायर झालो की परत जाऊ, असं वर्षानुवर्षं म्हणत राहिलो आणि शेवटी इंदिरा नगरला घर बांधून इथलेच झालो. मुलगा बंगळूरला. लहानपणापासून मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देणारा. आता फोनवर 'हाँ मम्मी, अच्छा मम्मी' एवढ्यावरच भागवतो. मी स्वतः रेल्वेच्या शाळेत एकवीस वर्षं गणित शिकवलं. रोज चाळीस पोरांवर ओरडायची सवय असलेल्या बाईला अचानक एका नवऱ्यावर ओरडून पोट कसं भरणार? त्यात वरची खोली रिकामी.

अशात एक दिवस एक गृहस्थ आले. पांढरा कुर्ता, डोळ्यांत सुरमा, आणि बोलणं इतकं गोड की चहात साखर घालायचं मी विसरले तरी चाललं असतं. कुठल्याशा परदेशी संस्थेचं इथलं काम ते बघत. "आंटी जी, बाहर मुल्कों के बच्चे हैं. पढ़ाई के बीच में छुट्टी लेकर हमारे ग़रीब बच्चों को पढ़ाने आते हैं. बस एक घर चाहिए, जहाँ माँ के हाथ का खाना मिल जाए." शाळा बख्शी का तालाबच्या पुढे, एका खेड्यात. राहायची सोय शहरातल्या चांगल्या घरांत. खोलीचे पैसे मिळणार होते, खोटं कशाला बोलू. पण मी पाघळले ती 'माँ के हाथ का' ऐकून.

मग पोरी येऊ लागल्या. चार वर्षं येत-जात राहिल्या. कुणी पंधरा दिवस, कुणी महिना, एकेका तुकडीतली एक आमच्याकडे. अठरा-एकोणीस वर्षांच्या, उन्हानं टोमॅटोसारख्या लाल झालेल्या, आणि मनानं इतक्या साध्या की रस्त्यावरच्या कुत्र्यालाही 'नमस्ते' म्हणायच्या. 'आंटी' म्हणू द्यायचे नाही मी, 'काकू' म्हणायला लावायचे. एकीला वरणभात इतका आवडला की ती न्याहारीलाही वरणभात मागायची. एक पहिल्या दिवशी हिरव्या मिरचीचा ठेचा चटणी समजून चमचाभर खाऊन बसली आणि अर्धा तास बेसिनपाशीच उभी राहिली. जाताना प्रत्येकीची मी ओटी भरायची. खण, नारळ, हळदकुंकू. नारळ विमानात नेता येतो का, ह्यावर आमच्या घरात दर वेळी वाद. प्रत्येक पोरगी रडत रडत गेली आणि प्रत्येक वेळी मीही रडले. लाज कसली त्यात?

एक गोष्ट मात्र तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवी होती. प्रत्येकीच्या कपड्यांवर रंगाचे डाग असत. पहिलीच्या निळे, मग पिवळे, मग गुलाबी, पोपटी. शाळा रंगवून आल्या म्हणायच्या आणि मी "अगंबाई, किती गं गुणाच्या!" म्हणत टर्पेंटाइन घेऊन डाग काढत बसायची. एकच शाळा एवढ्या वेळा का रंगवावी लागते, हा प्रश्न गणिताच्या बाईला पडला नाही. शाळा दोन-तीन खोल्यांची असेल नि आलटून पालटून रंगवत असतील, असं काहीतरी मनाशी धरलं असेन. जाऊन बघितली नाही. एकदाही नाही. उन्हाळ्यात ऊन, हिवाळ्यात धुकं, मधल्या काळात गुडघे.

शेवटची आली ती सप्टेंबरात, सहा आठवड्यांसाठी. ही जरा निराळी होती. बाकीच्यांच्या मागे आईबाप उभे असायचे. हिला आई नव्हती. दोन वर्षं पहाटे उठून एका बेकरीत पाव भाजले होते पोरीनं, इथं येण्यासाठी. हाताच्या मनगटावर तव्याच्या कडेनं भाजल्यासारखे जुने डाग. तिच्या कॉलेजात त्या संस्थेची माणसं आली होती, पडद्यावर आपल्याकडच्या पोरांचे फोटो दाखवून म्हणाली होती, ह्यांना शिकवायला कुणीच नाही, तुम्ही गेला नाहीत तर ह्यांचं काय होणार? ही भोळी तेव्हाच रडली म्हणे. पुढे तिला शिक्षिकाच व्हायचं होतं. आल्या दिवशीच मला तिनं वह्या दाखवल्या, सहा आठवड्यांचे धडे दिवसवार आखून आणले होते. मला भरून आलं. माझ्या शाळेत पगारी माणसं इतकी तयारी करत नव्हती.

चौथ्या दिवशी ती शाळेतून आली आणि जेवलीच नाही. तिच्या मोडक्यातोडक्या हिंदीत आणि माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत जे कळलं ते असं. तिनं फळ्यावर सफरचंद काढलं. पोरं एका सुरात ओरडली, ए फॉर ॲपल. तिनं टाळी वाजवली, पोरांनी तिच्या आधी पुढचं गाणं सुरू केलं. डोकं, खांदे, गुडघे, सगळं पाठ. तीच गाणी, तेच हावभाव, आणि प्रत्येक तुकडीच्या तऱ्हेनं वेगवेगळे उच्चार. पाचवीत एक मुलगी होती, दोन वेण्या, पुढचा एक दात अर्धा तुटलेला. तिनं मधल्या सुट्टीत हिला येऊन विचारलं, "आप कितने दिन के लिए आई हैं?" सहा आठवडे, हिनं बोटांवर सांगितलं. ती म्हणाली, "बहुत हैं." मग दप्तरातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून दाखवला. आत आधी येऊन गेलेल्या दीदींनी दिलेली कार्डं. सगळ्यांवर हृदयं, सगळ्यांवर 'मी परत येईन'.

कार्डं दाखवून झाल्यावर त्या मुलीनं डब्याच्या तळातून गणिताचं पुस्तक काढलं आणि अपूर्णांकांच्या पानावर बोट ठेवलं. हे शिकवाल का?

तिची गोष्ट सरळ होती. हुशार मुलांसाठी सरकारची निवासी शाळा असते, सहावीपासून. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं फुकट. पाचवीत असताना जानेवारीत तिची परीक्षा असते, ती एकदाच देता येते. मुलीच्या बापानं फॉर्म भरला होता. पण शाळेतले गणिताचे मास्तर दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे गेले आणि त्यांच्या जागी कुणी नेमलंच नाही, फॉरेनवाले आहेत ना शिकवायला! आणि फॉरेनवाल्या दर वेळी ए फॉर ॲपलपासून सुरू करणार. त्यांना तेच करायला सांगितलेलं. हिनं त्या सुरमेवाल्यांना विचारलं तर ते गोड हसून म्हणाले, "मैथ हमारे प्रोग्राम में नहीं है. गाने, खेल, पेंटिंग. फोटो उसी का अच्छा आता है."

"मेला!" मी म्हणाले. तिला अर्थ कळला असावा, कारण पहिल्यांदा ती हसली.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी आमच्या ओट्यापाशी वर्ग सुरू झाला. मी पोळ्या लाटायची आणि ती शिकायची, अपूर्णांक शिकवायचे कसे. आमची घडीची पोळी तिला भारी आवडली. गोल लाटायची, तेल लावून अर्धी घडी, मग पाव घडी, मग पुन्हा लाटायची. अर्धा म्हणजे काय, पाव म्हणजे काय, दोन पाव म्हणजे अर्धा का, सगळं पोळपाटावर दिसतं. माझी एकवीस वर्षांची बाईगिरी उफाळून आली. "आधी नियम सांगू नकोस गं, आधी पोळी मोडायला दे!" असं मी तिच्यावर ओरडायची आणि ती वहीत लिहून घ्यायची. सकाळी डब्यात सहा पोळ्या जास्तीच्या घेऊन जायची. मधल्या सुट्टीत झाडाखाली चार पोरं आणि ती दातवाली मुलगी पोळ्या मोडून बेरीज शिकायची आणि बेरीज खाऊन टाकायची. परत आली की मला सांगायची, आज तिनं छेद सारखे केले, काकू. मला इतका आनंद व्हायचा की काय सांगू.

सहा आठवडे संपत आले तसा भिंतीच्या उद्घाटनाचा कार्यक्रम ठरला. ह्या तुकडीनं भिंत केशरी रंगवली होती, वर पांढरी कबुतरं. ज्यांच्या घरी पोरी राहतात त्यांना आमंत्रण होतं. माझे गुडघे दुखत होते. हे गेले.

संध्याकाळी परत आले ते बूट न काढता सोफ्यावर बसले. हे असे बसले की मला धडकी भरते. म्हणाले, "दाराआडच्या कोपऱ्यात घराच्या किल्लीनं खरवडलं. केशरीखाली पोपटी. त्याखाली गुलाबी. अगदी तळाशी निळा, आणि मग चुना. अकरा थर आहेत. एका भिंतीवर, चार वर्षांत." मग विचारलं, "आपल्याकडे ही पोरगी कितवी?"

मी मोजायला बोटं वर केली, आणि मोजता मोजता मला प्रत्येकीचा धुतलेला कुर्ता आठवला. निळा, पिवळा, गुलाबी. अकरावी होती ही. ती समोर जिन्यात उभी राहून ऐकत होती. मराठी तिला येत नव्हतं, पण बोटं कळत होती.

आता ह्यांनी काय केलं असेल? दुसऱ्या कुणी जाऊन त्या माणसाची गचांडी धरली असती. ह्यांनी रिपोर्ट लिहिला! संस्थेच्या नावानं, दोन पानी, इंग्रजीत टाइप करून, विषय आणि संदर्भासकट. आणि खात्यातली चाळीस वर्षांची शिस्त, आधी जे समाधानकारक आढळलं ते लिहायचं, दोष मग दुसऱ्या पानावर. त्याप्रमाणे पहिलंच वाक्य, 'भिंतीचे रंगकाम उत्तम दर्जाचे व काळजीपूर्वक केलेले आढळले.' पुढे दुसऱ्या पानावर काय ते अकरा थर, न शिकवलेलं गणित, फसवणूक, सगळं स्पष्ट. मला वाचून दाखवला तेव्हा मी म्हटलं, "अहो, हे पहिलं वाक्य कशाला?" तर म्हणे, "पद्धत असते."

आठ दिवसांत शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागला. कबुतरांचा फोटो, आणि खाली इंग्रजीत, 'रंगकाम उत्तम दर्जाचे. – सेवानिवृत्त वरिष्ठ रेल्वे अधिकारी'. दुसरं पान कुणी उलटलंच नव्हतं. पोरीनं मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला आणि संस्थेच्या जाहिरातीचं पानही. तिथं मी होते, पोळी लाटताना. आमच्या दोघांच्या चांगुलपणावर पुढच्या तुकडीची भरती चालली होती.  रात्री जेवताना हे एवढंच म्हणाले, "पद्धत चुकली माझी." मला ह्यांची अशी कीव आली की आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना काही बोलले नाही.

पोरीनं त्या माणसाला विचारून बघितलं, मी जानेवारीपर्यंत राहते, तुमची सोय नको, काकूंकडे राहीन, फक्त शाळेत येऊ द्या. नाही. सोमवारी नवी तुकडी येणार, त्यांना शाळा 'फ्रेश' लागते. शिवाय तिचा व्हिसाही संपत होता. जायच्या दिवशी मी ओटी भरायला पाट मांडला. ती बसली, पण पदर म्हणून धरलेली ओढणी तिनं खाली सोडली. रडत नव्हती. तिनं कार्ड लिहिलं नव्हतं त्या मुलीला. अकरावं कार्ड त्या डब्यात टाकायची लाज वाटते, म्हणाली.

मग तिनं विचारलं. उद्धटपणे नाही, शिकणारं पोर शंका विचारतं तसंच. "काकू, तुम्ही गणिताच्या शिक्षिका आहात. तुम्हाला हिंदी येतं. इथून ती शाळा तासाभरावर आहे. मी विमानानं आले. तुम्ही का नाही गेलात?"

माझ्या हातात नारळ होता. गुडघ्यांचं कारण तोंडाशी आलं होतं, ते मी गिळलं. राग आला तिचा, भयंकर आला. माझ्या घरात, माझं खाऊन, मला विचारते! टॅक्सी गेल्यावर मी भांडी आपटत राहिले. दुसऱ्या दिवशीही आपटली. तिसऱ्या दिवशी सकाळी डब्यात आठ पोळ्या भरल्या, गुडघ्याला पट्टा बांधला आणि मुंशी पुलियाला जाऊन ई-रिक्षात बसले. टेढी पुलियाला बदलली, मग सीतापूर रोडवर टेंपो. एक तास दहा मिनिटं. चार वर्षांत मला एक तास दहा मिनिटं मिळाली नव्हती.

फाटकावर ह्यांचं वाक्य लटकत होतं. हेडमास्तर बिचारे दबलेले गृहस्थ, खुर्ची पुसून दिली. आत सुरमेवाले नव्या पोरींना रंगाचे डबे दाखवत होते. मला बघून म्हणाले, "अरे आंटी जी! तशरीफ़ रखिए!" म्हटलं, तशरीफ़ रोज रखूँगी भैया, बस आप रास्ते से हटिए. खोली तुम्हाला मिळणार नाही, आणि गणित तुमच्या प्रोग्राममध्ये नाही ना, मग माझ्याही कामात तुम्ही येऊ नका. हेडमास्तरांनी तेवढ्यात पाचवीचा वर्ग मोकळा करून दिला. त्यांना बहुधा हेच कुणीतरी बोलायला हवं होतं.

वर्गात शिरले तशी सगळी पोरं उठून टाळ्या वाजवत स्वागताचं गाणं म्हणू लागली. मी जुन्या आवाजात म्हटलं, "चुप! बैठो. किताब निकालो." अशी शांतता पसरली की वर एअर फोर्सचं विमान गेलेलं ऐकू आलं. दोन वेण्या, अर्धा दात, पहिल्या बाकावर. तिनं हात वर केला. "आप कितने दिन के लिए आई हैं?" मी म्हटलं, "मैं यहीं रहती हूँ, लखनऊ में." तिनं मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं.

अडीच महिने होते हातात. रविवार सोडून रोज गेले. धुक्यात टेंपो मिळायचा नाही तेव्हा हे मला स्कूटरवर सोडायचे, दोघांच्या तोंडांना मफलर, वाटेत भांडण. अपूर्णांक तिला येत होते, बेकरीवालीनं पाया पक्का घातला होता. दशांश, टक्केवारी, वेळ-अंतर सगळं मला घालायचं होतं. चुकलं की मी ओरडायची, ती ओठ आत ओढून पुन्हा करायची. एकदा बरोबर आलं तेव्हा मी तिचा गालगुच्चा घेतला, तर तिनं दुसरा गाल पुढे केला. इतकी गोड पोर! परीक्षेच्या आदल्या दिवशी मी तिला दही-साखर चारली. गणपतीला बोललेला नारळ तेवढा राहिला होता, तो घरी येऊन फोडला.

होळीनंतर निकाल लागला. मोबाइलवर यादी आली. हे चष्मा पुसून पुसून वाचत होते, वरून खाली, मग खालून वर. नाव नव्हतं.

मला वाटलं नव्हतं इतकं लागेल. अडीच महिन्यांत चार वर्षांचं भरून निघत नाही, हे मलाच कळायला हवं होतं. दोन वर्षं आधी गेले असते, वर्षभर आधी जरी गेले असते, तर त्या यादीत ती असती. मी मनाची समजूत घालणार नाही, ती असतीच. बेकरीवालीला काय कळवायचं, ह्यांनी विचारलं. खरं ते कळवा, म्हटलं. दुसरं पान आधी लिहा ह्या वेळी.

दुसऱ्या दिवशी टेंपोत बसले तेव्हा माझा जीव थाऱ्यावर नव्हता. रडत असेल, नाहीतर आलीच नसेल. ती फाटकापाशी उभी होती. रडून झालेलं होतं. हातात तो बिस्किटांचा डबा, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. माझ्याकडे बघितलं आणि डब्याचं झाकण उघडून पुढे केला, कार्ड ठेवायला.

"आपके दिन पूरे हो गए?" तिनं विचारलं.

मला त्या क्षणी तिचा राग आला, त्या सुरमेवाल्याचा आला, सगळ्यात जास्त माझा आला. मी डबा घेतला, झाकण लावलं आणि माझ्या पिशवीत घातला. म्हटलं, नववीला त्या निवासी शाळेची आणखी एक परीक्षा असते. तोवर हा डबा माझ्याकडे राहील, मी पोळ्या आणीन त्यात. आणि तू काय बघत उभी आहेस? चल, किताब निकाल.